मंडळात रडायचं न्हाई

आमच्या महिला मंडळाचा फळा मी लिहिते. अक्षर चांगलं आहे माझं. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मंडळ निघालं तेव्हा बारावी झालेली मी एकटीच होते, म्हणून खडू माझ्या हातात आला तो आजपर्यंत आहे. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता आम्ही समाजमंदिरात जमतो. फळ्याच्या उजव्या अंगाला सुविचार, डाव्या अंगाला घरगुती सल्ला. ज्वारीला कीड लागू नये म्हणून पोत्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. पातेलं करपलं तर त्यात कांद्याची सालं उकळायची. मुंग्या झाल्या तर हळदीची रेघ ओढायची. असलं साधंसुधं, पण कामाचं. बायका मोबाइलवर फळ्याचा फोटो काढतात आणि माहेरच्या गटावर टाकतात.

मंडळाचा एकच नियम. अध्यक्षीणबाईंनी तो पहिल्या दिवशी सांगितला. त्या गावातल्या मोठ्या जमीनदार घरच्या, मनानं चांगल्या, तोंडानं गोड. म्हणाल्या, "बायांनो, रडायला घर हाय. हितं यायचं तर हसत यायचं. जी रडगाणं गाईल तिनं पुढच्या गुरुवारी समाजमंदिर झाडायचं." सगळ्या खदाखदा हसल्या. मी पण हसले. कोपऱ्यात नवाकोरा झाडू आणून ठेवला, पण झाडायचं काम त्यांच्या घरची कामवालीच करायची, कारण आमच्यातली एकही कधी रडली नाही. मला तेव्हा हे फार कौतुकाचं वाटायचं. आता तो झाडू मला बघवत नाही.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगंमागं परत येतात. तेवढे महिने मंडळ बंद. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे माणूस एक नाही, जोडी एक. बाई आजारी पडली की कोयता अर्धा होतो, मुकादम तोंड सोडतो, नवरा गप्प बसतो. कामाचा दिवस चुकला की त्याला खाडा म्हणतात. बाईच्या जातीला दर महिन्याला खाडा ठरलेलाच. फडात ना आडोसा, ना पाणी, ना बदलायला जागा. त्या चार दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर कसं चढतात ते जिनं केलंय तिलाच माहीत.

मला एकतिसाव्या वर्षी अंगावरून पांढरं जायला लागलं. कंबर धरायची, वास यायचा, चिडचिड व्हायची. चिडचिड माझ्यात आधीपासूनच आहे म्हणा, नवरा म्हणतो तुझ्या नाकावर कायम माशी बसलेली. त्यानंच मला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं, पडद्यावर काळंपांढरं काहीतरी दाखवलं आणि म्हणाला, "गर्भाची पिशवी खराब झालीय. आज ठेवाल, उद्या कॅन्सर होईल." नवरा म्हणाला, "काढून टाका मग." मी पण मान हलवली. खरं सांगू? मला बरं वाटलं. दर महिन्याचा वनवास सुटणार म्हणून मी दवाखान्याच्या खाटेवर मनातल्या मनात हिशोब करत होते, की यंदा एकही खाडा होणार नाही.

टाके सुकल्यावर मी मंडळात गेले. अध्यक्षीणबाईंनी मला पुढं उभं केलं. "सांग गं अनुभव." मी तर हौशी. उभी राहिले आणि सांगितलं, की बायांनो, काही भ्यायचं नाही, आठ दिवसांत उठून बसले, आता बघा कशी टुणटुणीत. आणि मला यमक जुळवायची भारी खोड, तिथल्या तिथं खडू घेऊन फळ्यावर लिहिलं:

पिशवी गेली, कटकट गेली,
बाई माझी मोकळी झाली.

टाळ्या पडल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बघा, सुंठीवाचून खोकला गेला." आयुष्यात माझ्यासाठी एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. लग्नात पण नाही. मी ती ओळ पुढच्या गुरुवारी पण पुसली नाही, बाजूला जागा करून नवा सल्ला लिहिला.

त्या दिवाळीत आम्ही तोडीला गेलो आणि पौषातल्या एका पहाटे फडात माझ्या अंगाचा भडका उडाला. पाचटावर दव पडलेलं, बाकीचे शेकोटीला चिकटलेले, आणि मी स्वेटर काढून फेकला. कानशिलातून वाफा, पाठीवरून घामाच्या धारा. वाटलं ताप असेल. तो ताप गेलाच नाही. दिवसातून आठ-दहा वेळा यायचा. मग गुडघे गेले, मग झोप गेली. मोळी उचलताना कंबरेत काहीतरी कट्कन वाजायचं आणि डोळ्यापुढं अंधारी यायची. खाडे नको म्हणून पिशवी काढली आणि त्या हंगामात जन्मात केले नाहीत तेवढे खाडे केले. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

पाडव्यानंतर मंडळ सुरू झालं. हे सगळं मी तिथं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. कशी सांगणार? माझीच ओळ, माझ्याच टाळ्या. आणि वर तो नियम. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी हसत राहिले. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा असं जग म्हणतं. आमच्या मंडळात पुढचीनं ठेच पदराखाली झाकायची आणि मागचीला म्हणायचं, ये गं, वाट चांगली आहे.

त्या वर्षी तिघींनी काढली. पुढच्या वर्षी आणखी काहींनी. कुणी अठ्ठावीसची, कुणी तिशीची. प्रत्येकीला परत आल्यावर अध्यक्षीणबाई पुढं उभं करायच्या आणि प्रत्येकजणी माझी ओळ म्हणायची. एकदा नांदूरघाटच्या बाजारात वांगी घेत होते. शेजारी दोन अनोळखी बाया बोलत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "काढून टाक बाई. म्हणतेत ना, पिशवी गेली, कटकट गेली." माझ्या हातातलं वांगं पडलं. माझी ओळ मोबाइलवरून कुठं कुठं पोचली होती कोण जाणे. मी ते वांगं उचलून न धुताच पिशवीत टाकलं आणि भाजी अर्धी टाकून घरी आले.

गुडघ्याचं फारच झालं तेव्हा मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथली सिस्टर बोलायला फटकळ, माझ्याच वळणाची. "वय?" म्हणाली. "चौतीस." "पाळी?" म्हटलं, "पिशवी काढली." तिनं पेन खाली ठेवलं. "कावून काढली?" मी कागद दाखवले. तिनं सावकाश वाचले आणि म्हणाली, "अहो बाई, साधी सूज होती ही. गोळ्यांनी गेली असती. आणि नुसती पिशवी न्हाई काढली, दोन्ही अंडाशयं पण काढलीत. म्हणून अंग भाजतंय, म्हणून हाडं दुखतेत. तुमी चौतिशीच्या, तुमचं अंग साठीचं झालंय." मी म्हटलं, "आता?" ती म्हणाली, "आता काय, गेलेलं परत येतंय का? गोळ्या लिहून देते." आणि तिनं कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

एस.टी.त बसून मी सगळ्या दुनियेला शिव्या घातल्या. डॉक्टरला, नवऱ्याला, मुकादमाला. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर मी मंडळात नीट डोळे उघडून बघायला लागले. आणि जे दिसलं त्यानं माझी गाळण उडाली. आधी सगळ्या सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, आता भिंतीकडेच्या खुर्च्यांसाठी ओढाताण व्हायची. फळ्यावरच्या सल्ल्यासाठी बायका मला चिठ्ठ्या द्यायच्या, त्या पण बदलल्या होत्या. मुंग्या, लोणचं, करपलेलं पातेलं संपलं. गुडघ्याला काय लावावं. झोप येत नाही तर काय प्यावं. तळपाय भाजतात तर काय करावं. मी डावीकडं लिहायची: तिळाचं तेल, डिंकाचा लाडू, तळपायाला कांदा. उजवीकडं लिहायची: हसतमुख बाई, घराची पुण्याई.

श्रावणात एका गुरुवारी सकाळपासून झड लागलेली. गारठा असा की म्हाताऱ्यांनी घोंगड्या घेतलेल्या. वीज गेलेली, पंखा बंद. अध्यक्षीणबाई शाल पांघरून बोलत होत्या आणि मी फळ्याजवळून वळून बघितलं. समोर बसलेल्या अकरा बाया पदरानं वारा घेत होत्या. अकरा. सगळ्यांच्या कपाळावर घाम, सगळ्यांच्या तोंडावर हसू. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. माझा स्वतःचा हात पण हालत होता, हे मला नंतर कळलं.

आता माझ्या धाकट्या जावेचं सांगते, कारण हे सगळं मी तिच्यासाठीच लिहिते आहे. चोवीस वर्षांची. दोन लेकरं. माझ्या हाताखाली स्वयंपाक शिकली. हसरी इतकी, की सासूबाई म्हणायच्या, हिच्या दाताला वारं लागतंय. तिला पण अंगावरून जायला लागलं. त्याच दवाखान्यात नेलं, तेच मशीन, तोच कॅन्सर. दिवाळीच्या आधीचा शनिवार ठरला. ती मला चुलीपुढं म्हणाली, "अक्का, मी पण मोकळी होते आता. तुमच्यासारखी."

माझी तव्यावरची भाकरी करपली. म्हटलं, "नको काढू गं."

"कावून?"

"आधी सरकारी दवाखान्यात दाखव. गोळ्यांनी बरं होतंय."

सासूबाई ओसरीतून ओरडल्या, "तू काढली ती चालली, आन् तिनं काढायची तर तुझ्या पोटात दुखतंय व्हय?" मी उलट तडकून काहीतरी बोलले. भांडण झालं. माझं हेच वाईट, खरं बोलायला जावं तर तोंडातून आधी राग निघतो. जाऊ नंतर हळूच म्हणाली, "अक्का, घरात तुमी कायमच चिडलेल्या असता. कुठलं खरं मानावं माणसानं? मंडळात तर तुमी हसून सांगता. तिथं सांगा ना तसं, सगळ्यांपुढं. मग मी न्हाई काढत."

लेकरासारखं बोलली. म्हटलं, "गुरुवारी सांगते." तिनं मान हलवली. गुरुवार दोन दिवसांवर होता.

त्या गुरुवारी मी लवकर गेले. फळा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसला. सुविचार लिहिला नाही. तोंडातल्या तोंडात घोकत होते, बायांनो, मी खोटं बोलले, बायांनो, माझं अंग जळतंय. तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. अध्यक्षीणबाईंच्या नात्यातल्या, राजकारणातल्या घरच्या एक पाहुण्या आल्या होत्या, मंडळाला नव्या सतरंज्या आणि शिवणयंत्र द्यायला. हार, नारळ, फोटो. फळा कोरा दिसला म्हणून अध्यक्षीणबाई माझ्या कानात कुजबुजल्या, "अगं, काय हे? लिही की काहीतरी." मी खडू धरून उभी राहिले. पाहुण्या कौतुकानं म्हणाल्या, "त्या यमकवाल्या बाई याच का? म्हणा ना ती ओळ. आमच्याकडं पार कडा गावापर्यंत पोचलीय."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. मोबाइल वर झालेले. जाऊ तिसऱ्या ओळीत, मांडीवर धाकटं लेकरू, माझ्या तोंडाकडं टक लावून. मी तोंड उघडलं. आणि देवाशपथ सांगते, मला तेच बोलायचं होतं जे घोकून आले होते. पण तोंडातून निघाली ती ओळ. पिशवी गेली, कटकट गेली. वर हसले पण.

टाळ्या पडल्या. जावेनं पण वाजवल्या, लेकराचे हात धरून. तिच्या तोंडावरची चिंता गेलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

शुक्रवारी तिला परत काही म्हणायची माझी छाती झाली नाही. शनिवारी सकाळी ती दिराबरोबर जीपमध्ये बसून गेली. जाताना म्हणाली, "अक्का, लेकरांना भात लावा." मी भात लावला.

हंगाम संपवून आम्ही पाडव्याला परत आलो. फडात ती माझ्यापासून लांबच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत होती, मुकादमानं टोळ्या वेगळ्या केल्या होत्या. गावात आल्यावर बघितलं तर तिच्या हसण्यात काहीतरी कमी झालं होतं. दात तेच, पण वारं लागत नव्हतं. मी विचारलं, "बरी हाईस ना?" म्हणाली, "एकदम टुणटुणीत."

पहिल्याच गुरुवारी अध्यक्षीणबाईंनी तिला पुढं उभं केलं. ती उभी राहताना भिंतीला धरून उभी राहिली. हसून म्हणाली, "काही भ्यायचं न्हाई बायांनो. आठ दिवसांत उठून बसले." मग तिनं माझी ओळ म्हटली. म्हणताना तिचा डावा हात पदर हालवत होता. टाळ्या पडल्या. तिच्या मागं नवीन लग्न होऊन आलेली, एका लेकराची पोर बसली होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, "ताई, कोन्त्या दवाखान्यात?"

मला काय झालं ते मला सांगता येत नाही. मी फळा पुसला, हातानंच, खडूची भुकटी डोळ्यात गेली. आणि बोलायला लागले. सगळं सांगितलं. पौषातली पहाट, स्वेटर, गुडघे, सिस्टर काय म्हणाली ते, साधी सूज होती ते. म्हटलं, ज्या ज्या पदरानं वारा घेतायत त्यांनी सांगावं की हे खोटं आहे. ओरडतच होते मी, रडत पण होते. पदर एकेक करून थांबले. शेवटी खुर्चीवरची एक बाई, माझ्यानंतर पहिली काढलेली, तोंडात पदर कोंबून हुंदके द्यायला लागली. मग दुसरी. अध्यक्षीणबाई उठून उभ्या राहिल्या, नियम सांगायला असणार. पण समोर बघून परत खाली बसल्या. त्यांची पिशवी त्यांच्याजवळच आहे, त्या काय बोलणार.

ती नवी पोर लेकराला कडेवर घेऊन उठली आणि निघून गेली. कुठं, कशाला, मला माहीत नाही. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले. तिच्या सासूनं दारातच सांगितलं की घरात न्हाई.

बाया गेल्यावर मी कोपऱ्यातला झाडू घेतला. पुढच्या गुरुवारची वाट कशाला बघायची? नियम मला मान्य होता. झाडू इतका नवा, की त्याच्या काड्या जमिनीवर टोचत होत्या. जाऊ गेली नव्हती. भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, म्हाताऱ्या बाईसारखी.

"अक्का," ती म्हणाली, "तुमाला पण व्हायचं हे?"

"हं."

"मला वाटलं मला एकटीलाच व्हतंय. माझंच काहीतरी चुकलं आसंल. म्हणून मी कुणाला बोलले न्हाई."

मी झाडत राहिले. मग तिनं विचारलं, रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून विचारलं, "अक्का, त्या गुरुवारी मी समोरच बसलेते. तवा कावून न्हाई बोल्लात?"